रस्ता आला तर तुमचं काय गेलं?

ट्रेक करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेली काही वर्षं एक लांबलेली शोकसभा चालू आहे. माणूस अजून गेलेला नाही, पण रडारड आधीच सुरू झाली आहे. विषय चादर. मार्च २०२४ मध्ये निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडून झाल्याचं बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनने जाहीर केलं आणि रडण्याला जोर चढला. ‘संपलं सगळं.’ ‘ज्यांना जायचंय त्यांनी उरकून घ्या, शेवटची एकदोन वर्षं.’ ‘अजून एक स्वर्ग डांबराखाली गेला.’ खाली तुटलेल्या काळजाचे इमोजी, आणि एका ठिकाणी तर चक्क ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

मला या रडण्याचा राग येतो. थोडाथोडका नाही, चांगला राग येतो. तो का येतो हे सविस्तर सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला बर्फ परवडत नसेल म्हणून बोलतोय. तेव्हा आधीच सांगतो, मी चादर केली आहे. २०१९ च्या जानेवारीत. सहा महिने पगारातून पैसे बाजूला काढून. आणि ती सुंदर आहे, याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लडाखच्या दक्षिणेला झांस्कर नावाचा मुलूख आहे. कारगिलकडून तिथे जायचं तर पेन्झी ला ही ४,४०० मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद होते. महिनोन्महिने बंद. मग जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदी गोठते आणि तिच्यावर बर्फाची चादर धरते. त्या चादरीवरून चालत झांस्करची माणसं लेहला जायची. लोणी विकायला, मीठमिरची आणायला, आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायला, पोराला लेहच्या शाळेत सोडायला. वाटेत गुहेत झोपायचं. बर्फ मध्येच फुटला तर कड्याला चिकटून पुढे सरकायचं. कुणी पडायचं, कुणी वाहून जायचं. पर्यटक या वाटेवर बऱ्याच उशिरा आले. आता आपण लेहमध्ये तीन दिवस हवा अंगवळणी पाडतो, डॉक्टर रक्तदाब आणि ऑक्सिजन तपासून शिक्का मारतो, मग गाडी नदीपर्यंत सोडते आणि चारपाच दिवस आपण पेंग्विनसारखे फेंगडे पाय टाकत टिबच्या गुहेपर्यंत, नेरकच्या गोठलेल्या धबधब्यापर्यंत जाऊन परत येतो. रात्री पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो. आपल्या अंगावर पाच थर असतात. आपलं सामान घसरगाडीवर बांधून ओढणारा माणूस रबरी गमबूट घालून आपल्या पुढे शंभर पावलं असतो.

आमच्या तुकडीत असा एक जण होता. माझ्याच वयाचा. अकरा वर्षांचा असताना तो याच वाटेने बापाबरोबर लेहला शाळेत गेला होता. काही टप्पे चालत, काही बापाच्या पाठुंगळी. त्याच्या तोडक्या आणि माझ्या मुंबईच्या हिंदीत आमच्या गप्पा व्हायच्या. कड्यात सुरुंग लावून रस्त्याचं काम चाललेलं आम्हाला खालून दिसत होतं. आमच्यातल्या एकाने त्याला विचारलं की हा रस्ता झाला की वाईट वाटेल ना? त्याला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारल्यावरही कळला नाही. तो हसला, आणि तुमच्या गावाला रस्ता नाही का, असं त्याने उलट विचारलं. आमच्यातले सगळे पुण्याचे नाहीतर ठाण्याचे. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ‘अर्धा आहे’ असं द्यावं लागलं असतं.

मी मोखाडा तालुक्यातला. चौतीस घरांचा आमचा पाडा. जव्हार आणि मोखाडा तुम्हाला माहीत असतील ते पावसाळ्यातल्या रीलमधून. दाभोसाचा धबधबा, जव्हारचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळचे तंबू, खोडाळ्याकडचं धुकं, आणि कॅप्शनमध्ये ठरलेलं ‘मिनी महाबळेश्वर’. ते सगळं आहे. त्या रीलमध्ये एक वाट दिसते, हिरव्या माळावरून वळत वळत डोंगराआड जाणारी, वर ड्रोन, मागे बासरी. ‘हिडन जेम.’ ‘अनटच्ड.’ अशी एखादी वाट सरळ एखाद्या पाड्यावर जाते आणि पाड्यावर जायला तेवढीच एक वाट असते, हे रील बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याचा दोष नाही. तो सकाळी आला, संध्याकाळी गेला.

आमच्या पाड्यापासून डांबरी सडक तीन किलोमीटर. मध्ये एक ओहोळ. उन्हाळ्यात त्यात शेळीचे खूर भिजत नाहीत आणि जुलैत छातीएवढं पाणी.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की डोली करतात. एक मजबूत बांबू, त्याला दोन्ही टोकांना गाठ मारून बांधलेली गोधडी किंवा पलंगावरची चादर. हो, तीही चादरच. आत माणूस, पुढे दोन, मागे दोन. चार जण खांदा देतात, आणखी चार बाजूने चालतात, म्हणजे दमल्यावर बदली. रात्र असेल तर एक जण मोबाइलचा टॉर्च धरून पुढे. चढाला पुढच्यांनी बांबू खाली घ्यायचा आणि मागच्यांनी वर, नाहीतर आतला माणूस घसरतो. चिखलात चप्पल काढून ठेवायची, अंगठा रोवून चालायचं. हे कुणी शिकवत नाही. पोरं बघून बघून शिकतात.

२००९ च्या जुलैत माझ्या आत्याला मण्यार चावली. आवणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात वाकून सगळे मेल्यासारखे झोपलेले. मी आश्रमशाळेतून घरी आलेला. मण्यार चावल्याचं फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. तिला वाटलं काहीतरी किडूक चावलं. तासाभराने तिच्या पापण्या मिटायला लागल्या आणि जीभ जड झाली, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. डोली बांधली, निघालो. एक पोरगा पळत पुढे गेला जीपवाल्याला उठवायला. ओहोळाला पूर होता. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबलो. डोली खाली टेकवत नव्हतो, खांद्यावरच होती, कारण खाली सगळा चिखल. किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही. पलीकडे जीपचा दिवा दिसत होता. जीपवाला माणूस चांगला, इंजिन बंद करत नव्हता. औषध होतं, डॉक्टर होता, गाडी होती, डिझेल होतं. नव्हता तो ओहोळावर दहा पावलांचा पूल. आत्या जीपमध्ये गेली. माझ्या मांडीवर तिचे पाय होते.

हे मी तुमच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून सांगत नाही. असल्या गोष्टी दरवर्षी पेपरात येतात, तुम्ही वाचता, मी वाचतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचे झेंडे घरोघर लागले होते त्याच आठवड्यात, मोखाड्यातल्याच बोटोशी ग्रामपंचायतीतल्या मर्कटवाडीची बातमी आली होती. सातव्या महिन्यात बाळंत झालेली बाई, जुळी मुलं, दोन्ही गेली. आईचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिला डोलीतून तीन किलोमीटर चालवत मुख्य रस्त्यापर्यंत आणलं. त्या डोलीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यातली वाट मी पाहिली. निसरडी, दगडांची, दोन्ही बाजूला हिरवंगार. त्याच्यावर बासरी लावली असती तर चाललं असतं.

तर माझा राग कुठून येतो ते आता कळेल. एकच गोष्ट, गावाला रस्ता नसणं. ती हिमालयात असली की तिचं पॅकेज होतं आणि माझ्या पाड्यावर असली की तिची बातमी होते. आणि पॅकेज घेणारा माणूस, बातमी वाचून हळहळणाराच माणूस, हिमालयात रस्ता आला की श्रद्धांजली वाहतो. मग मला प्रश्न पडतो की उद्या मर्कटवाडीच्या वाटेवर सुंदर नाइट ट्रेक निघाला, काजवे दिसतात म्हणून प्रसिद्ध झाला, तर तिथे रस्ता होताना तुम्ही काय लिहाल?

‘दुर्गम’ या शब्दाचं थोडं बघू. मराठीत हा शब्द दोन प्रकारचे लोक फार वापरतात. एक सरकार. ‘अतिदुर्गम भागात कर्मचारी राहायला तयार नसतात’, ‘भाग दुर्गम असल्याने काम रखडले’. इथे दुर्गम म्हणजे सबब. दुसरे ट्रेकवर लेख लिहिणारे. ‘सहा दिवस चालून आम्ही त्या दुर्गम गावात पोचलो आणि वेळ थांबल्यासारखं वाटलं.’ इथे दुर्गम म्हणजे विकाऊ माल. दोघांनाही एक साधी गोष्ट सुचत नाही. दुर्गम म्हणजे जायला अवघड. कुणाला? जो तिथे राहतो त्याला त्याचं गाव अवघड कसं असेल, तो तर तिथेच आहे. त्याला अवघड आहे ते बाहेर पडणं. म्हणजे शब्दातच पाहणाऱ्याची जागा ठरलेली आहे: तो बाहेर उभा आहे आणि आत येतोय.

बरं, आमचा भाग खरंच दुर्गम आहे का? कोचाळ्याजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच, २०१४ मध्ये सुरू झालं, मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देतं. एवढं सिमेंट, एवढी यंत्रं, एवढे ट्रक तिथपर्यंत आले. डोंगर फोडून, जलवाहिन्या टाकून पाणी मुंबईच्या नळात गेलं. त्याच मोखाड्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो आणि बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. पाण्याच्या बाबतीत आम्ही कधीच दुर्गम नव्हतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर माणसं न्यायला ट्रक येतात, तेही बरोबर पाड्याच्या जवळात जवळच्या वळणापर्यंत येतात. आमच्याकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. शब्द नीट ऐका, कामाला जाणं नाही, जगायला जाणं. तो ट्रकही कधी रस्त्याअभावी अडला नाही. इंग्रजांच्या काळात इथलं सागवान उतरलं, संस्थानच्या काळात उतरलं, पुढेही उतरत राहिलं. ज्याला इथून काही न्यायचं आहे त्याची वाट होते. इथे काही आणायचं असलं की भाग दुर्गम होतो.

१९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत शंभरहून अधिक मुलं कुपोषणाने गेली. तेव्हा मंत्री आले, अधिकारी आले, दिल्लीचे पत्रकार आले. सगळे पोचले. दुर्गमपणा आडवा आला नाही.

आता ‘साधी माणसं’. हा तर ट्रेक-लेखांचा कायमचा परिच्छेद आहे, लेखाच्या दोन तृतीयांशाला येतो. एक म्हातारी असते. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असतं. ती चहा देते आणि पैसे घेत नाही. लेखकाला एकदम समजतं की आपण शहरात किती धावतो आणि ही माणसं पैशाने गरीब पण मनाने श्रीमंत आहेत. मग तो परत येतो आणि पुन्हा धावतो, कारण ईएमआय आहे. म्हातारीच्या गुडघ्याला काय झालंय, तिचा मुलगा कुठे आहे, घरात दुधाचं जनावर नाही तर चहात दूध कुठून आणलं, हे लेखात नसतं. माझी आजीही पाहुण्याला कोरा चहा द्यायची आणि पैसे घ्यायची नाही. ती आनंदी होती असं मात्र मी म्हणणार नाही. ती बऱ्याच वेळा चिडलेली असायची. मुख्यतः पाण्यावरून.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे ‘काटक’. २०१८ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ काढलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली दहा मुलंमुली एव्हरेस्टला गेली आणि त्यातल्या पाच जणांनी मे महिन्यात शिखर गाठलं. मी आश्रमशाळेत शिकलेला माणूस आहे. ज्या शाळेच्या पातळ डाळीतून आम्ही वाटाणे शोधायचो तसल्या शाळांतली पोरं ८,८४८ मीटरवर उभी राहिली, तो फोटो पाहून मी ऑफिसात रडलो होतो. त्या पोरांच्या यशातून एक कणही मला कमी करायचा नाही. पण त्यानंतर जे लिहून आलं ते पाहा. आदिवासी मुलं मुळातच काटक, डोंगर त्यांच्या रक्तात, म्हणून जमलं. अरे, विदर्भातल्या त्या पोरांनी बर्फ कधी पाहिला होता? त्यांनी प्रशिक्षण घेतलं, घासली स्वतःला, भीती गिळली. ठाण्याचा मुलगा वर गेला की ती जिद्द आणि आमचा गेला की ते रक्त! या काटकपणाची दुसरी बाजूही आहे, ती अशी की यांना सवय असते. तीन किलोमीटर डोलीची सवय असते. हंड्याची सवय असते. सवय आहे म्हटलं की अंदाजपत्रकात तरतूद करायला नको.

मला ठाऊक आहे, आता तुमच्यातले विचार करणारे लोक म्हणतील की मुद्दा पर्यावरणाचा आहे. मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे जाताना सगळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सिल्क्याराचा बोगदा ढासळला आणि ४१ मजूर सतरा दिवस आत अडकले. चारधामच्या रस्त्यासाठी डोंगर किती कापायचा यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये रुंद रस्त्याला परवानगी मिळाली. हिमालय कच्चा आहे, त्याला सुरुंग सोसत नाहीत, हे सगळं खरं. झांस्करचा रस्ताही काही दयाळूपणाने बांधलेला नाही, त्यामागे सैन्याची गरज आहे. शिंकू ला खाली ४.१ किलोमीटरचा बोगदा होतोय, तो काही म्हातारीच्या गुडघ्यासाठी नव्हे.

पण मग भांडण तेवढंच करा ना. किती रुंद, कुठून, सुरुंग किती, मलबा कुठे टाकणार. हे प्रश्न विचारणारे लोक हिमालयात आहेत, गावोगाव आहेत, आणि ते स्थानिक आहेत. त्यांच्या प्रश्नात आणि तुमच्या श्रद्धांजलीत फरक आहे. तुम्ही डोंगरासाठी रडत नाही, रिकाम्या फ्रेमसाठी रडता. पुरावा हवा? ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. गवत तुडवलं जातंय, कचरा साठतोय, ही कारणं. रूपकुंडसारखे ट्रेक बंद पडले. त्या वेळी हे पर्यावरणवाले ग्रुप काय म्हणत होते? ‘कोर्टाला ट्रेकिंग कळत नाही.’ आणि पोर्टरांच्या, खेचरवाल्यांच्या पोटाची आठवण तेव्हा अचानक सगळ्यांना झाली होती. म्हणजे डोंगर जपायला आपण तंबू सोडायचा म्हटलं की स्थानिकांचं पोट महत्त्वाचं, आणि स्थानिकांना रस्ता द्यायचा म्हटलं की डोंगर महत्त्वाचा. दोन्ही वेळा सोय कुणाची होते ते बघा.

पोटाचा मुद्दा मात्र खरा आहे. चादर बंद झाली तर हिवाळ्यातली पोर्टरची कमाई जाईल. माझ्यापुढे घसरगाडी ओढणाऱ्या माणसाची जाईल. त्याला त्याची काळजी नसेल असं नाही. पण सहा आठवड्यांची मजुरी हवी म्हणून बारा महिने कोंडून राहा, असा सौदा त्याच्या वतीने आपण करायचा नसतो. त्याने तो केलेला नव्हता. त्याला टॅक्सी घ्यायची होती. कर्ज मिळेल का, लेहमध्ये कोण देतं, हे तो माझ्याकडून समजून घेत होता, आणि मी ठाण्यात बँकेत आहे हे कळल्यावर बर्फापेक्षा जास्त वेळ आम्ही व्याजदरावर बोललो.

आणि रस्ता म्हणजे देव आहे असं मला कुणाच्या गळी उतरवायचं नाही. माझ्या आजोबांचा रस्त्याला विरोध होता. त्यांच्या लहानपणी रस्त्यावरून जे जे आलं ते त्यांनी पाहिलं होतं: ठेकेदार, सावकार, फॉरेस्टचा शिपाई, दारू. रस्ता झाला की पोरं जातील, म्हणायचे. पोरं गेलीच, मी त्यातलाच. सडकेला लागून असलेल्या गावांमध्ये जमिनी कशा जातात, फार्महाऊसचं फाटक कसं उभं राहतं, जुनी विहीर एकदम कुणाच्या तरी कुंपणात कशी जाते, हे जव्हारच्या आसपास फिरलात तर दिसेल. आजोबा चुकीचे नव्हते. पण ते ठरवणारे होते, पाड्याच्या बैठकीत बसून, तंबाखू मळत, भावकीशी भांडून. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि गावाने काय हवं-नको ते ग्रामसभेत ठरवायचं असतं. रस्ता नको असं झांस्करच्या गावाने ठरवलं असतं तर मी त्यांच्या बाजूने लिहिलं असतं. पुण्यातल्या ग्रुपने ठरवलेलं मी का मानू?

‘मग तुमच्याकडे इतकी वर्षं रस्ता का नाही झाला?’ हाही प्रश्न येतो, नेहमी थोड्या संशयाने, जणू आमचीच काही खोड असावी. त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे, पण ऐका. एक अडचण माणसांच्या मोजणीची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० सालच्या डिसेंबरात सुरू झाली. सपाटीवर ५०० लोकवस्ती असलेल्या आणि आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकवस्ती असलेल्या वस्तीला रस्ता, असा तिचा नियम. आमच्या चौतीस घरांत माणसं अडीचशे भरत नाहीत. मरण यायला अडीचशेची अट नसते, हे योजना लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिलं नसावं. दुसरी अडचण, वाट जंगलातून जाते. वनखातं परवानगी देत नाही, असं ग्रामपंचायत सांगते. वनखात्यात गेलं तर प्रस्तावच आला नाही म्हणतात. हा खेळ मी लहानपणापासून पाहतोय.

आणि गंमत अशी की कायद्यात याची सोय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा, मोबाइलवर मिळतं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते. अट एवढीच की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडू नयेत. तीन किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्टा म्हणजे ९,००० चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे १०,०००. आमचा रस्ता कायद्यात बसतो, वर हजार मीटर शिल्लक राहतात. चारधामचा रस्ता आणि हा रस्ता यांना एकाच तोंडाने ‘डांबर’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

याच वनहक्कांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसं चालत आली होती. सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर, मार्चच्या उन्हात, कसारा घाट उतरून. बऱ्याच जणांच्या पायात चप्पल नव्हती, तळपायांची सालं निघालेले फोटो तुम्ही पाहिले असतील. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून ती माणसं झोप सोडून अंधारात चालत आझाद मैदानावर गेली. अनेक दिवसांची, अवघड चढउतारांची, सोबत शिधा घेऊन केलेली पायी वाटचाल. तुमच्या व्याख्येत सगळं बसतं. तिला ट्रेक कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही तो करायचा नव्हता. त्यांना सातबारा हवा होता.

मित्रांना मी हे बोललो की ते म्हणतात, मग आम्ही जायचंच नाही का? जा की. मीही जाईन, पैसे साठले की सांदकफूला जायचं आहे. उंच जागी दम लागतो, डोकं रिकामं होतं, रात्री आकाश बघून माणूस गप्प होतो, हे सगळं मला हवं असतं आणि ते घ्यायला मला कुणाची माफी मागावीशी वाटत नाही. माझं म्हणणं बर्फाबद्दल नाहीच. ज्या वाटेवरून आपण हौसेने चालतो ती कुणाची तरी नाइलाजाची वाट असते. ती नाइलाजाची राहावी अशी इच्छा करणं, आणि त्या इच्छेला निसर्गप्रेम म्हणणं, हे मला सहन होत नाही. रस्ता झाला तर चादरीवरून हौसेने चालायला तुम्हाला कोण अडवणार आहे? नदी गोठायची थांबत नाही. नदी गोठायची थांबली तर ती हवामान तापल्यामुळे थांबेल, आणि त्यात लेहला विमानाने जाणाऱ्या आपला वाटा झांस्करवाल्याच्या टॅक्सीपेक्षा जास्त असेल. जाईल ते फक्त एवढंच, की बाजूच्या कड्यावरून एसटीसारखी एखादी बस जाताना दिसेल आणि फोटोत येईल. बसमध्ये एखादं अकरा वर्षांचं पोर खिडकीला नाक लावून झोपलेलं असेल.

आमच्या पाड्याचं सांगायचं राहिलं. २०२३ मध्ये सरकारने पाडे जोडण्यासाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना जाहीर केली. त्यानंतर एकदा सर्वेक्षणवाले येऊन गेले, झाडांवर पांढरे पट्टे मारून गेले. आता सडकेच्या बाजूने दोन किलोमीटर मुरूम पडला आहे, खडी यायची आहे. जूनपर्यंत मोटरसायकल ओहोळाच्या अलीकडे येते. मोरीसाठी सिमेंटचे पाइप येऊन पडले आहेत, सहा. पोरं त्यात लपाछपी खेळतात. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा वहिनी म्हणाली, पावसाआधी बसवले नाहीत तर ओहोळ ते खाली घेऊन जाईल, तेवढं तालुक्याला फोन करून सांग. मी केला. उचलणाऱ्याने पाड्याचं नाव दोनदा विचारलं आणि म्हणाला, तो भाग जरा दुर्गम आहे हो.